वेठ न घेणारे ढोरडाक्तर

ढोरडाक्तर आमच्या गावात पहिल्यांदा आले ते डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन. माझ्या वडिलांनी त्यांना हमाल समजून विचारलं, "साहेब किती मागं राहिले रे?"

पेटीखालून उत्तर आलं, "साहेब पेटीखालीच हायत, पाटील. जरा हात लावता का? उतरवायचीय."

वडिलांचा चेहरा तेव्हा जो झाला, तो मला आज साठ वर्षांनीही जसाच्या तसा दिसतो.

आमचं गाव ईट गावापासून दोन कोसांवर, बालाघाटाच्या उताराला. राज्य निजामाचं. कुणी साहेब दौऱ्यावर निघाला अशी वर्दी आली की गावाला घाम फुटायचा. साहेबाचं सामान एका गावच्या माणसांनी उचलून पुढच्या गावच्या वेशीत आणून टाकायचं, तिथून त्या गावच्या माणसांनी पुढं न्यायचं. याला वेठ म्हणत. दाम नाही, आणि नाही म्हणायची सोय नाही. वर कोंबड्या, अंडी, तूप, घोड्याला हरभरा. ही सगळी व्यवस्था माझे वडील बघत, कारण ते गावचे पाटील. मी त्यांचा धाकटा मुलगा, बाविशीतला, धाराशिवला राहून शिकून आलेला. मला त्यात वावगं काही दिसायचं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. पाऊस पडतो, ऊन पडतं, तशी वेठ पडते, एवढीच माझी समज.

त्या दिवशीही वेशीत चार माणसं वेठीला उभी होती. महारवाड्यातला सटवा सगळ्यात पुढं, कारण तो उंच आणि काटक. शेजारी हसनभाई पिंजारी, खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन, कारण साहेब मुक्कामाला राहिले तर त्यांची गादी फुकटात पिंजून द्यायचं काम त्याच्याकडं. आणखी दोघं. आणि समोर हे गृहस्थ: बुटके, गोल, सरकारी नोकराची रुमी टोपी पेटीच्या वजनानं खाली बसलेली, शेरवानीची बटणं एक घर चुकून लावलेली. कागदोपत्री ते 'सलोत्री', म्हणजे जनावरांचे सरकारी डॉक्टर. लोकांनी पहिल्याच दिवशी 'ढोरडाक्तर' केलं. ते त्यांनाही आवडलं.

पेटी खाली उतरली तसा सटवा हात जोडून पुढं आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "साहेब, माजं काय चुकलं?"

"तुझं काय चुकणार?"

"मंग वजं तुमी का वाह्यलं?"

डाक्तर पेटीवर बसले आणि म्हणाले, "वाक जरा. मान बघू." सटवा वाकला. बैलाच्या खांद्यावरून फिरवावा तसा त्यांनी त्याच्या मानेमागून हात फिरवला, दाबून बघितलं. सटवा कळवळला. मानेच्या खाली, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, लिंबाएवढी गाठ होती. ती तिथं किती वर्षं असेल कोण जाणे. आम्ही त्याला रोज बघत होतो, पण समोरून.

डाक्तर वडिलांकडं वळले. "पाटील, तुमच्या बैलाचा खांदा सुजला तर काय करता?"

"जू उतरवतो. आठ दिवस सोडतो त्याला."

"मग ह्याला कोण सोडतं?"

वडिलांनी इकडं तिकडं बघितलं आणि "चहा घेऊ या" म्हणाले. अडचणीच्या प्रश्नावर आमच्या घरात चहा हेच उत्तर असायचं.

डाक्तरांचं मूळ गाव नळदुर्गाकडचं. त्यामुळं बोलण्यात कानडी हेल, आणि वाक्याच्या शेवटी 'की वो' हमखास. कचेरीत ते उर्दू बोलत, माणसांशी मराठी, आणि जनावरांशी कानडी. कानडीत ते बैलाच्या कानाशी लागून बराच वेळ काहीतरी पुटपुटत. आम्हाला वाटायचं मंत्र आहे. पुढं कळलं की त्या नुसत्या थट्टा असत: "कसं रे म्हाताऱ्या, बायको बरी हाय का?" अशा. मी विचारलं, "बैलाला काय कळतं त्यातलं?" तर म्हणाले, "त्याला न्हाय कळत. पण मला कळतं की मी कुणाशी तरी बोलतोय. न्हायतर सुई टोचणाऱ्याला हळूहळू समोरचं जनावर दिसंनासं होतं, नुसतं कातडं दिसतं की वो."

जनावर तपासायच्या आधी ते त्याचं नाव विचारत. मालकाचं नंतर. ज्याचं जनावर बघितलं त्याच्या घरची भाकरी खायची हा त्यांचा दुसरा नेम, आणि यानं आमच्या घरी मोठा पेच पडला. कारण महारवाड्यातल्या शेळ्या-गाई बघायला ते आधी जात आणि तिथंच जेवून मग आमच्याकडं येत. आईनं त्यांच्यासाठी एक वेगळा कप काढून ठेवला. तो पडवीत कोनाड्यात उपडा असायचा. डाक्तर येत, स्वतःच कप घेत, चहा पीत, विसळत आणि पुन्हा उपडा ठेवत. तोंडावर कधी नापसंती नाही. उलट जाताना म्हणत, "वहिनी, तुमच्याकडं माझा स्वतःचा कप हाय. सरकारनं मला अजून खुर्चीसुद्धा दिली न्हाय."

मग आमची म्हैस अडली. पारडू आडवं आलं होतं. सकाळपासून म्हैस कळा देत होती आणि आई तिच्या तोंडाशी बसून रडत होती. डाक्तर आले, बाह्या सारल्या, खांद्यापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला. "पोचत न्हाय," म्हणाले. "देवानं माझ्या हातात काटकसर केलीय. सटवाला बोलवा."

वडील घुटमळले. आईनं डोळे पुसले आणि ओरडली, "बोलवा म्हणत्यात ना ते!"

सटवा आला. डाक्तर म्हशीच्या पोटाला कान लावून त्याला सांगत होते, "गुडघा लागला? त्याच्या वर जा. आता मान. मान वळव, हळू, तुझ्या लेकराची वळवशील तशी." सटवाचे डोळे मिटलेले, कपाळावर शिरा. घटकाभरानं पारडू बाहेर आलं, शिंकलं, आणि म्हशीनं त्याला चाटायला सुरुवात केली. आई आत गेली आणि ताटात दोन कप घेऊन आली, दोन्ही घरातल्या फडताळातले. एक डाक्तरांपुढं धरला, एक सटवापुढं. वडिलांनी तिच्याकडं बघितलं तशी म्हणाली, "म्हशीनं आत घेतलं त्याला. आता मी कप बाहेर ठिवून काय करू?"

मी हे सगळं कौतुकानं बघत होतो. त्यानं बदललो मात्र नव्हतो. मला बदललं एका जमादारानं. तालुक्याच्या बाजारात मी पांढरी गांधीटोपी घालून गेलो होतो, थोडं धाडस म्हणून, थोडी मिरवायची हौस म्हणून. पोलिसाच्या जमादारानं मला थांबवलं, टोपी काढली, तिनं आपले बूट पुसले आणि पुन्हा माझ्या डोक्यावर नीट बसवली. भरला बाजार बघत होता. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी डाक्तरांना शोधत गेलो. ते एका शेतात शेणामातीत मांडी घालून बसले होते. बैलाचा पाय मांडीवर, खुरातल्या जखमेतले किडे चिमट्यानं काढत होते.

"डाक्तर, मी निजामाच्या हद्दीपलीकडं जाणार. बंदूक शिकणार."

"कशापायी?"

"त्या जमादाराला उडवायला."

"बरं. उडवला. मग?"

"मग काय?"

"मग घरी येणार की वो. आई जेवायला वाढंल. एवढ्याश्या कामाला केवढी चाल!"

मला राग आला. "मग माणूस कशासाठी लढतो, तुम्ही सांगा."

त्यांनी चिमट्यातला किडा मला दाखवला. "ह्याच्यावर माझा राग न्हाय, पाटील. बैलाचा पाय दुखतोय म्हणून मी हितं शेणात बसलोय. किड्याचा राग धरून बसणारा किडा मेला की उठून जातो. बैल उभा राहीस्तोवर बसायचं असंल तर बैलावर माया पायजे."

मी मनात म्हटलं, भित्रा आहे. सरकारी नोकर, दुसरं काय बोलणार?

त्यानंतर पंधरा दिवसांतच तहसीलदाराचा दौरा आला. आणि तेव्हा डाक्तर किती भित्रे आहेत ते मला कळलं.

वर्दी आली तशी दौऱ्याच्या आदल्या सकाळी डाक्तर चावडीत ठाण मांडून बसले. त्यांच्याकडं सरकारी छापील फॉर्म असत. जखमी जनावर कुणी कामाला जुंपू नये म्हणून द्यायचे. वर सरकारी शिक्का, खाली रकाने: जनावर, वय, रंग, आजार, किती दिवस विश्रांती. त्यांनी सटवाला समोर बसवलं आणि म्हणाले, "सटवा, सरकारकडं माणसाला सोडायचा कागद न्हाय. बैलाला सोडायचा हाय. तुझी हरकत नसंल तर तुला त्यात बसवतो. हरकत असंल तर फाडून टाकतो."

सटवानं कागद उलटसुलट करून बघितला. मग खो खो हसला. "जुपत्यात तसं लिवा की, साहेब!"

डाक्तरांनी लिहिलं: बैल, वय चाळीस, रंग सावळा, खांद्यास सूज, आठ दिवस जुंपू नये. मग हसनभाई आला. "मेरा भी लिखो, साब. मैं बी बैलच." त्याला मनगटाची सूज. मग आणखी दोघं. सगळ्यांना खरोखरचे आजार होते. डाक्तरांना खोटं लिहावं लागलं नाही, हेच त्यातलं वाईट.

तहसीलदार घोड्यावरून आले. मागून आधीच्या गावच्या माणसांनी सामान वेशीत टाकलं: तंबू, घडीची खाट, दोन पेट्या, कोंबड्यांचं खुराडं, आणि एक ग्रामोफोन. चौघं वेठकरी वेशीला पाठ लावून बसून राहिले. उठले नाहीत. तहसीलदारांनी वडिलांकडं बघितलं, वडिलांनी आभाळाकडं. मग सटवानं घडी घातलेला कागद पुढं केला. तहसीलदारांनी वाचला. दुसऱ्याचा वाचला. तिसऱ्याचा वाचला.

"ये तो बैल का सर्टिफिकेट है!"

"जी हुजूर," डाक्तर मागून पुढं आले. "माणसाचा फॉर्म छापून आला की माणसाचा देईन."

तहसीलदारांनी चाबूक उचलला, सटवावर. डाक्तर मध्ये गेले. मारामारीच्या आवेशानं नव्हे. अगदी सहज, दार अडवून उभ्या राहिलेल्या माणसासारखे. "हुजूर, तुम्हाला सामान पोचल्याशी काम की वो. सामान पोचतं." असं म्हणून त्यांनी तंबू खांद्यावर घेतला. सटवा झटकन उठला, तसे त्याच्यावर ओरडले, "बस खाली! आठ दिवस लिहिलंय मी!"

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी ग्रामोफोन उचलला. का उचलला, मला आजही सांगता येत नाही. माझ्या मागं वडिलांनी, गावच्या पाटलांनी, कोंबड्यांचं खुराडं उचललं. आणि मग वाण्याच्या मुलानं खाट, आणि जोशांनी पेटी. आमची ती वरात पुढच्या गावापर्यंत दोन कोस गेली. पहिल्या अर्ध्या कोसातच मला कळलं की मान हा आपल्या शरीराचा भाग आहे. दुसऱ्या अर्ध्या कोसात सटवाच्या मानेवरची गाठ मला स्वतःच्या मानेवर लागायला लागली. वडील वाटभर कोंबड्यांशी भांडत होते. पुढच्या गावची माणसं वेशीत उभी होती. पाटील खुराडं घेऊन येतोय हे त्यांनी बघितलं, आणि तीही खाली बसली.

आठवड्याभरात डाक्तरांना नोकरीवरून दूर केल्याचा हुकूम आला आणि मागोमाग पकडायचं वॉरंट. माझंही नाव त्यात होतं. आम्ही दोघं हद्दीपलीकडं गेलो.

हद्दीवरच्या छावणीत तीस-चाळीस पोरं होती. माझ्यासारखी, प्रत्येकाचा एक एक जमादार पोटात घेऊन आलेली. डाक्तर तिथं माणसांचेही डॉक्टर झाले, दुसरा कुणी नव्हताच. पण औषधांचा हिशेब त्यांना जनावरांचाच येई. ताप आला की ते आजाऱ्याला खालीवर न्याहाळत आणि ठरवत: "हा पाव बैल. हा पाव बैलाला थोडा कमी. हा..." एका पैलवानाकडं बघून, "हा अर्धा बैल हाय." पोरं एकमेकांना त्याच नावानं हाका मारायची. मी शेवटपर्यंत 'पाऊण शेळी' होतो.

आमची पहिली मोहीम हद्दीवरच्या जकातनाक्यावर. नाका जाळायचा. भर दुपारी, पहारेकरी विहिरीवर जेवायला जातात तेव्हा. सगळं ठरल्याप्रमाणं झालं. आम्ही पोचलो, नाका मोकळा, रॉकेलचे डबे तयार. आणि डाक्तर म्हणाले, "थांबा, मागं खेचर बांधलंय."

त्यांनी खेचर सोडलं. ते जाईना, तर त्याच्याशी कानडीत बोलत बसले. मग आत शिरले आणि एकेक वस्तू बाहेर आणायला लागले: शिपायाची वळकटी, पाण्याची घागर, जोड्यांचा एक जोड, कुणाचा तरी आरसा. सगळं झाडाखाली नीट मांडलं. आमचा म्होरक्या दात ओठ खात म्हणाला, "ही लढाई आहे का घर बदलणं?"

"नाका निजामाचा," डाक्तर म्हणाले, "जोडे शिपायाचे."

त्या घोळात पहारेकरी परत आले, आम्हाला ऊस तुडवत पळावं लागलं, आणि माझ्या कानाजवळून गोळी गेली. नाका जळला, पण छावणीत आठ दिवस डाक्तरांशी कुणी धड बोललं नाही. मीसुद्धा. त्यांनी मात्र माझ्या तळपायातले काटे काढून दिले. एकेका काट्याला विचारत होते, "दुखलं का, पाऊण शेळी?"

मग हिंदुस्थानच्या फौजा आल्या. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. आम्ही गावात परतलो ते हारतुऱ्यांत, हलग्यांच्या कडकडाटात. आईनं ओवाळलं. वेशीत उभा राहून सटवा नुसता हसत होता. वेठ गेली होती. इतका आनंद मी आयुष्यात पुन्हा बघितला नाही, आणि तो तीन दिवस टिकला.

चौथ्या दिवशी दुपारी आमच्या वाड्यापुढं माणसं जमली. आमच्या गावची काही, बरीचशी बाहेरची. हातात काठ्या, कुऱ्हाडी. दोन गावांत मुसलमानांची घरं पेटवून आले होते, आता आमच्या गावची पाळी. जमादार मुसलमान होता, तहसीलदार मुसलमान होता, निजाम मुसलमान होता. हिशेब सोपा होता. कुणीतरी ओरडलं, "धाकले पाटील, टोपीनं बूट पुसले होते ना तुमच्या? पुढं व्हा!"

आणि मी पुढं झालो. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. माझ्या हातात काठी होती. ती कुणी दिली ते आठवत नाही, पण मी ती टाकली नव्हती. मी गर्दीच्या पुढं चालत पिंजाऱ्यांच्या बोळात शिरलो.

हसनभाईच्या घराच्या उंबऱ्यात डाक्तर बसले होते. दार मागं बंद होतं. मांडीवर हसनभाईची शेळी, तिचा पुढचा पाय मोडलेला. दोन कामट्यांच्या मध्ये पाय धरून ते चिंधी गुंडाळत होते. मान वर करून त्यांनी आम्हा सगळ्यांकडं बघितलं.

"जरा थांबा," म्हणाले. "हाड जुळत आलंय. सोडलं तर परत निसटंल."

गर्दीला काय करावं सुचेना. मारायला आलेल्या माणसाला थांबायला सांगितलं की तो सवयीनं थांबतोच. डाक्तर गुंडाळता गुंडाळता एकेकाला ओळखू लागले. "रामा, तुझ्या तांबड्या गाईचं आटलेलं दूध आलं का? अण्णा, तुमचा पाडा खातो का आता?" ज्याला विचारलं त्याची कुऱ्हाड थोडी खाली यायची. मागून एक दगड आला आणि त्यांच्या भुवईवर लागला. रक्त डोळ्यात उतरलं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण दोन्ही हात शेळीच्या पायाला होते.

"डाक्तर, बाजूला व्हा," मी म्हणालो.

"पाटील," ते म्हणाले, "घर मी आतून बघितलंय. जमादार न्हाय आत. एक धनुकली हाय, हसन हाय, त्याची बायको आन म्हातारी हाय. तुमचं भांडण ह्यातल्या कुणाशी?"

मी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"डोळ्यात रक्त जातंय, मला दिसंना झालंय," ते म्हणाले. "हा पाय धरा जरा. दोन्ही हातांनी धरा."

मी काठी ठेवली आणि शेळीचा पाय धरला. एवढंच केलं. तो पाय गरम होता आणि कापत होता. तो माझ्या हातात आल्यावर मी तिथून उठू शकत नव्हतो, आणि पाठ गर्दीकडं झाली होती. माझ्या शेजारी कुणीतरी येऊन बसल्याचं जाणवलं. सटवा होता. तो महारवाड्यातून दहा-बारा माणसं घेऊन आला होता आणि ती सगळी बोळात बसत होती, जशी त्या दिवशी वेशीत बसली होती तशी. "वजं आता हसनभाईच्या डोक्यावर आलंय," एवढंच तो म्हणाला, मला नाही, स्वतःशीच.

गर्दी लगेच गेली नाही. शिव्या झाल्या, आणखी दोन दगड आले, एक माझ्या पाठीत बसला. मग काठी टेकत माझे वडील आले, बोळाच्या तोंडाशी उभे राहिले आणि गावच्या लोकांना नावानिशी घरी जायला सांगू लागले. गावचे गेले तसे बाहेरचे पांगले. आमच्या गावात एकही घर जळलं नाही. आजूबाजूला जे झालं त्याबद्दल मी इथं लिहीत नाही. ते हसत हसत सांगण्यासारखं नाही आणि हा लेख डाक्तरांवर आहे.

मागाहून मी त्यांना म्हटलं, "आपण ह्या मुसलमानांच्याच राज्याशी लढलो ना?"

ते भुवईला पट्टी लावून घेत होते, आईच्या हातून. "कुणाच्या राज्याशी? हसनच्या? त्याला स्वतःची गादी न्हाय, पाटील. दुसऱ्याच्या पिंजतो तो."

पुढचे दिवस डाक्तरांना कठीण गेले. काल हार घालणारे आज तोंड फिरवायला लागले. कुणी त्यांना फितूर म्हणालं. त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नसावं, कारण त्याच सुमारास गुरांत लाळ-खुरकूत आली आणि फितुराच्या दारात बैलांची रांग लागली. नव्या सरकारनं त्यांना नोकरी परत दिली आणि बदली केली लांब, परभणीकडं. निघायच्या दिवशी हसनभाईनं एक उशी आणून दिली, स्वतः पिंजलेल्या कापसाची. डाक्तर म्हणाले, "वेठ हाय का?" हसनभाई म्हणाला, "नक्को साब, ऐसा मत बोलो." दोघंही रडले. त्यांना रडताना मी तेवढंच बघितलं.

मी त्यांना शेवटचा भेटलो त्यानंतर सात-आठ वर्षांनी. आजारी आहेत असं कळलं म्हणून गेलो. एका तांड्याजवळ ते खोली घेऊन राहत होते. अंगात ताप, शरीर पार वाळलेलं. खाटेभोवती तांड्यावरची दहा-पंधरा बंजारा माणसं बसलेली. मी आत गेलो तसं त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि सगळ्यांना सांगितलं, "हे आमचे पाटील. मोठे लढवय्ये."

मला संकोच वाटला आणि बरंही वाटलं. आता छावणीचं निघणार, नाक्याचं निघणार, कानाजवळून गेलेल्या गोळीचं निघणार. गावाकडं सभांतून माझी ओळख याच गोष्टींनी करून देत. मी चेहरा नम्र करून बसलो.

"ह्यांनी एकदा शेळीचा पाय धरला होता," डाक्तर म्हणाले.

तांड्यावरची माणसं माझ्याकडं बघत वाट पाहू लागली. शेवटी एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग?"

"मग काय," डाक्तर डोळे मिटून म्हणाले, "तीन आठवड्यांनी ती चालायला लागली की वो."